आईच्या वाट्याची फेरी

खंडेनवमीला आमच्या घरी लोखंडाची पूजा व्हायची. विळा, कोयता, कुऱ्हाड, आईचा अडकित्ता, बाबांची सडक मोजायची साखळी, सगळं घासूनपुसून ओसरीवर मांडलेलं असायचं. फटफटी मात्र अंगणात, लिंबाखाली वेगळी. तिचा मान मोठा होता. येरमाळ्यात तेव्हा दुसरी फटफटी नव्हती. बाबा सडकेचे ओव्हरसियर होते, म्हणजे खडी फोडणाऱ्या मजुरापासून वरच्या साहेबापर्यंत सगळ्यांची बोलणी खाणारा माणूस. बदलून चाललेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती साडेतीनशे सीसीची विलायती गाडी घेतली होती आणि निजामाच्या राज्यातल्या त्या खडबडीत सडकांवर ती रोज पिदाडली होती.

पूजा झाली, नारळ फुटला, की बाबा किक मारायचे. गाडी धडधडायला लागली की आईकडं बघून म्हणायचे, "बसतेस का? घाटापर्यंत नेऊन आणतो."

आई पदराचं टोक तोंडाशी धरायची. "पुढच्या साली बघू. पोराला न्या."

पोर म्हणजे मी. खरं सांगायचं तर मी तिच्या नकाराचीच वाट बघत उभा असायचो. आई एकदा जरी हो म्हणाली असती, तरी माझी फेरी गेली असती. तिचा नकार तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत मी पुढं टाकीवर चढून बसलेला असायचो. तिचंही चूक नव्हतं. त्या काळी बाईमाणसानं फटफटीवर बसायचं, तेही नवऱ्याच्या मागं, तेही वेशीतून, म्हणजे पारावरच्या मंडळींना वर्षभर चघळायला विषय मिळाला असता. आईला त्या पाराची फार धास्ती होती.

घाटातल्या पहिल्या वळणावर बाबा गाडी थांबवायचे. ते वळण त्यांनी स्वतः उभं राहून रुंद करून घेतलं होतं आणि कडेला दगडी कठडा बांधून घेतला होता. तिथून खाली आमचं गाव दिसायचं, पलीकडं येडाईचं डोंगरावरचं देऊळ दिसायचं. बाबा कठड्यावर हात टेकून थोडा वेळ बघायचे आणि म्हणायचे, "तुझ्या आईला हे दाखवायचं राहिलं बघ." मी तोंडानं 'व्हय' म्हणायचो आणि मनात म्हणायचो, राहू दे. अशा आठ-नऊ फेऱ्या झाल्या असतील. त्या सगळ्या आईच्या वाट्याच्या होत्या आणि मी खाल्ल्या.

पुढं पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कचेरीतली उर्दू गेली. बाबांची सडक तीच राहिली. त्यानंतर तिसऱ्या वर्षी ते विषमज्वरानं एकवीस दिवस पडले आणि गेले. फटफटी मागच्या सपरात, छपराखाली, उभी राहिली ती राहिलीच. मी आधी शिकत होतो, मग ट्रेनिंगला गेलो, मग गावातल्याच शाळेत मास्तर झालो. येता-जाता ती दिसायची. तिच्याकडं बघितलं की बाबांच्या खाकी कोटाचा वास आठवायचा, म्हणून मी बघायचं टाळायचो.

आई टाळत नव्हती. बाबा गेल्यावर पहिल्याच खंडेनवमीला तिनं मला गाडी अंगणात काढायला लावली. कुंकू मी लावलं, कारण विधवा बाईनं ते लावायचं नाही अशी रीत होती आणि ती लांब उभी राहिली. पण तेल तिनं आणलं. आमच्याकडं खंडेनवमीला लोखंडाला घरचं तेल द्यायची चाल आहे. बैलगाडीच्या आसाला द्यायचं, मोटेच्या चाकाला द्यायचं, शिवणयंत्राला द्यायचं. आई घाण्यावरून आणलेलं करडीचं ताजं तेल वाटीभर घेऊन आली, गाडीची दिसतील ती झाकणं उघडून त्यात थोडं थोडं ओतलं आणि उरलेलं फडक्यानं तिच्या अंगभर पुसलं. असं नऊ वर्षं चाललं.

महाराष्ट्र झाला त्या सालची गोष्ट. आदल्या हिवाळ्यात आई तापानं फार दुखणाईत झाली होती. वाचेल असं वाटलं नव्हतं, पण उठली. उन्हाळ्यात बार्शीचा एक जुन्या लोखंडाचा व्यापारी गावात आला आणि फटफटी मागू लागला. मला वाटलं, देऊन टाकावी. सपरात जागा होईल, डोळ्यांपुढून जाईल. आईला विचारलं, तेव्हा ती ज्वारी निवडत होती.

"इक," ती म्हणाली. "पण आदी मला एकदा तिच्यावर बसव."

मी तिच्यापुढं खालीच बसलो.

"त्यांनी इचारायचं सोडलं न्हाय आन् म्या न्हाय म्हनायचं सोडलं न्हाय," ती सुपातनं मान वर न करता म्हणाली. "मी दुखण्यात पडले व्हते तवा हेच डोक्यात फिरत व्हतं. एकदा घाटापतुर नेऊन आण. मंग तिचं काय करायचं ते कर."

"येष्टीनं नेतो की. घाटातूनच जाते."

"येष्टीनं मी कवाबी जाईन."

एवढं बोलून ती पुन्हा खडे वेचायला लागली. आईनं आयुष्यात माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. व्यापाऱ्याला मी दारातूनच परत पाठवलं.

गावाबाहेर सडकेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री काम करायचे. ट्रका, विहिरीवरची इंजिनं, पिठाची गिरणी, सगळं तेच बघायचे. बाबांच्या वयाचे, मुसलमान, दाढीला मेंदी लावलेले, बोलणं दखनी वळणाचं. बाबांच्या वेळी फटफटीही त्यांच्याच हाताखालून जायची. मी ती ढकलत त्यांच्याकडं नेली. टायरांचा रबर वाटेवर तुकड्या-तुकड्यांनी गळत होता आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं मला काहीतरी सल्ला दिला.

मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली, किकवर पाय ठेवून बघितला. किक दगडासारखी घट्ट. ते म्हणाले, "मास्तर, चालू करनं काय, आज न्हाय उद्या होईल. बसनार कोन हाय हिच्यावर?"

"आई."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "मंग आदी बिरेक. इंजन मागनं."

मला हे उलटंच वाटलं. आम्ही शिकलेले लोक आधी चालायचं बघतो. पण त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती: जी गाडी थांबत नाही ती त्यांच्या शेडमधून बाहेर पडत नाही. त्यांनी दोन्ही चाकं काढली. ब्रेकचे पट्टे झिजून पार कागद झाले होते. ते नवे बसवायला सोलापूरला पाठवले, केबली मागवल्या, टायरं मागवली. येष्टीच्या ओळखीच्या कंडक्टरनं ती टपावर टाकून आणली. मी शाळा सुटली की शेडवर जायचो आणि मिस्त्री सांगतील ते धरून बसायचो. संध्याकाळी घरी आलो की आई विचारायची, "कुठवर आलं?" मी सांगायचो आणि ती असं ऐकायची की जणू तिला बाळंतिणीची खबर येत होती.

आषाढात इंजिन उघडलं. मिस्त्रींनी वरचा भाग काढला आणि मला जवळ बोलावलं. मी वाकलो. पिस्टनभोवती, भिंतीला, सगळीकडं पिवळट तांबूस असा काहीतरी थर बसला होता, लाखेसारखा कडक आणि चकचकीत. मिस्त्रींनी त्याचा टवका नखानं काढला, पेटत्या काडीवर धरून तापवला आणि नाकाशी नेला.

"करडी," ते म्हणाले.

टाकीत ओतलेलं तेल नऊ वर्षं थेंब थेंब खाली उतरलं होतं. कार्बोरेटर भरून ते पुढं सिलिंडरमध्ये गेलं होतं आणि तिथं वाळून घट्ट झालं होतं. करडीचं तेल वाळतं, हे आमच्याकडं कुठल्याही बाईला तव्याच्या कडेवरून ठाऊक असतं. गाडीच्या पोटातही ते वाळेल, हे कुणाच्या ध्यानात यावं?

माझा राग नाकावर असतो. आमच्या घराण्याचाच तो रोग, पण बाबांनी तो मजुरांपुढं कधी आणला नाही, मी मात्र थेट आईपुढं नेला. शेडवरून तरातरा घरी आलो. ती चुलीपुढं भाकरी थापत होती.

"बाबांची गाडी तू मारलीस," मी म्हणालो. "वाटी वाटी ओतून मारलीस. आजार नव्हता काही तिला. तुझ्या तेलानं मेली ती."

तिचा हात परातीत तसाच थांबला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी तिनं ती उलटली नाही.

"मला वाटलं, ती वाळून जाऊ नये," ती म्हणाली.

उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात ते हेच. बोललो आणि बोलता बोलताच कळलं की हे परत घेता यायचं नाही. तरी मी परत घेतलं नाही. पाय आपटत बाहेर गेलो. दुसऱ्या दिवशी तेलाची ती पितळी वाटी फडताळावरून नाहीशी झालेली दिसली. त्या दिवसापासून आईनं 'कुठवर आलं' विचारायचं सोडलं. फक्त एकदा, वाढता वाढता म्हणाली, "त्या बार्शीवाल्याला सांगावा धाड. घिऊन जाऊ दे." मी मान खाली घालून जेवत राहिलो. मला चूक कबूल करता येत नव्हती आणि ती न करता तिच्याकडं बघताही येत नव्हतं.

हे मी मिस्त्रींना सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, कदाचित त्यांनी माझी बाजू घ्यावी म्हणून. त्यांनी विडी पेटवली.

"किती साल तेल टाकलं अम्मांनी?"

"नऊ."

"आन् त्या नऊ सालात तुमी कुठं व्हता?"

"इथंच. ट्रेनिंगचं वर्ष सोडलं तर इथंच."

"बघत व्हता?"

मी दर वर्षी बघत होतो. कुंकू लावून बाजूला उभा राहायचो आणि आई झाकणं उघडायची तेव्हा शाळेचा विचार करायचो. मी ट्रेनिंग झालेला मास्तर, मुलांना विज्ञानाचा धडा शिकवणारा, आणि एकदाही 'हे काय ओततेस' असं विचारलं नव्हतं.

मिस्त्रींनी मला उठवलं आणि गाडीजवळ नेलं. चाकाच्या तारांवरून बोट फिरवलं, मडगार्डावरून फिरवलं, हँडलाच्या चकाकीवरून फिरवलं. "बघा. एक ठिपका गंज न्हाय. नऊ साल सपरात हुबी ऱ्हायलेली गाडी अशी असती का? आतनं चिकटली ती अम्मांच्या तेलानं, आन् बाहेरनं वाचली ती बी त्याच तेलानं. नऊ सालात हिला हात लावनारं मानूस एकच, आन् त्याच्यावरच तुमी वरडून आलात." मग विडी विझवून म्हणाले, "गुस्सा बाजूला ठिवा. रॉकेल आना."

पुढचे दोन महिने ते तेल काढण्यात गेले. सोडा लावला असता तर काम लवकर झालं असतं, पण सोड्यानं ॲल्युमिनियमचा पिस्टन खाल्ला असता. म्हणून रॉकेलमध्ये भिजवायचं, लाकडाच्या ठोकळ्यानं हलकं ठोकायचं, गरम पाण्यात उकळायचं, बांबूच्या पट्टीनं खरवडायचं आणि पुन्हा भिजवायचं. उकळायला लागलं की शेडभर तळणाचा वास सुटायचा. सडकेवरून जाणारे ट्रकवाले भजी मिळतात का म्हणून आत डोकावायचे. मिस्त्री त्यांना म्हणायचे, "हाय ना, पिस्टनची भजी." मी हसायचो, पण मला तो वास ओळखीचा होता. तो आमच्या दिवाळीचा वास होता, बाबा असतानाच्या. तो थर खरवडून काढताना दर वेळी आईची वाटी डोळ्यांपुढं यायची.

पिस्टन सुटला त्या संध्याकाळी मिस्त्रींनी 'शुकर है' म्हणत वर बघितलं. मग नव्या रिंगा बसल्या, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो सुकवून झाला, टाकी सहा वेळा धुऊन झाली. नंबरपाटीवरचे जुने उर्दू आकडे खरवडून नवे घातले. कागदपत्रं आणि लायसनसाठी माझे धाराशिवला तीन हेलपाटे झाले. भाद्रपदाच्या शेवटी एका दुपारी तिसऱ्या किकला गाडी बोलली. तोच आवाज. दोन ठोक्यांच्या मध्ये किंचित दम घेणारा. बाबा फाट्यावरून वळले की आई ज्या आवाजावर चुलीवर तवा ठेवायची, तो. मला तिथं रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मिस्त्री दुसरीकडं बघत हातातले पाने पुसत राहिले. नळीतून धूर निघाला, तोही तळणाचाच.

"आता घेऊन जाऊ?" मी विचारलं.

"छे! थांबती का ते कुठं बघितलं?"

येडाईच्या देवळाकडं चढत जाणारी वाट आहे. मिस्त्रींनी चढावर एक खूण केली आणि खाली वाटेवर चुन्याची आडवी रेघ ओढली. इंजिन बंद ठेवून वरून गाडी सोडायची आणि रेघेच्या आत थांबवायची. पहिल्या दिवशी मी रेघ ओलांडून थेट बाभळीत गेलो. चार-पाच दिवसांत रेघेवर थांबायला लागलो, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "हे झालं एकट्याचं. अम्मा वजनानं किती असतील?"

"पाऊण पोतं ज्वारी."

"मंग आना पाऊण पोतं."

घरातून मी गुपचूप ज्वारी आणली. मागच्या सीटवर पोतं दोरीनं आवळून बांधलं. आठ दिवस रोज संध्याकाळी ते पोतं आणि मी येडाईच्या चढावरून खाली यायचो. मिस्त्री दर फेरीला ब्रेकची तार जराशी ताणायचे, पुन्हा सोडायला लावायचे. गाव ते बघायला जमायला लागलं. पारावरचा एक म्हातारा, जो आयुष्यभर सगळ्यांना नावं ठेवत आला होता, मला मोठ्यानं म्हणाला, "काय मास्तर, ज्वारी हवा खायला निघाली का?" मी दात काढून हसलो. दुसरं काय करणार?

त्या रात्री जेवताना आई ताटात भाजी वाढत म्हणाली, "आदी ज्वारीला बसवलंस. मंग मला व्हय?"

बार्शीवाल्याचा विषय सोडला तर अडीच महिन्यांत ती गाडीबद्दल पहिल्यांदाच बोलली होती. मी एवढंच म्हणालो, "ज्वारी पडली न्हाय."

"सांडली बी न्हाय," ती म्हणाली. "म्या मापून बघितली."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी गाडी माझ्या हवाली केली. निघताना मला थांबवून त्यांनी खाली वाकून गाडी उभी करायच्या स्टँडची तिकाटी दाखवली. "सगळीकडं गाडीचं तेल घातलंय. पन हितं, ह्या बिजागरीला, काय बी घातलं न्हाय. ही जागा मुद्दाम ठेवलीया. हितं करडी चालती." मी त्यांच्याकडं बघितलं. "अम्मांना सांगा," ते म्हणाले आणि शेडमध्ये निघून गेले.

सकाळी ओसरीवर लोखंड मांडलं. गाडी लिंबाखाली उभी केली, कुंकू लावलं. आई लांब उभी होती, हात रिकामे. मी आत गेलो. वाटी कुठं असेल ते मला ठाऊक होतं, कारण नको झालेली वस्तू आई एकाच जागी ठेवायची, पिठाच्या डब्यामागं. वाटी घासली, तेल घेतलं आणि तिच्यापुढं धरली.

"ह्या बिजागरीला," मी म्हणालो. "मिस्त्रींनी जागा ठेवलीया. इथं वाळलं तरी चालतं."

तिनं वाटी घेतली. गुडघ्यावर हात टेकत खाली बसली आणि बोटाच्या टोकानं दोनच थेंब सोडले. मग तिसरा सोडायचा की नाही म्हणून माझ्याकडं बघितलं. मला तेव्हा तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही. आमच्याकडं असलं करायची सवय नव्हती. मी म्हणालो, "अजून एक सोड."

मग मी किक मारली. गाडी धडधडायला लागली. आईकडं बघितलं आणि तोंडातून बाबांचेच शब्द निघाले. "बसतेस का? घाटापर्यंत नेऊन आणतो."

तिचा हात पदराकडं गेला. "पुढच्या साली बघू," ती म्हणाली.

सवयीनं म्हणाली. म्हणून झाल्यावर तिलाच ते ऐकू गेलं. आम्ही दोघंही लिंबाखाली तसेच उभे राहिलो आणि गाडी आमच्यामध्ये धडधडत होती. मी पुन्हा विचारलं नाही. बाबांनीही कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. मला वाटलं, झालं, संपलं. पाच महिन्यांची खटपट पाण्यात गेली.

आई आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती पायात वहाणा घालून आणि पदर कमरेला घट्ट खोचून. काही न बोलता ती मागं आडवी बसली. तिचा हात माझ्या खांद्यावर आला, आधी नुसता टेकला, मग धरला.

मी गाडी ओढ्याच्या पांदीनं काढली. गावाच्या मागच्या अंगानं सडकेला लागता येतं, म्हणजे पार टळतो. तिला बरं वाटावं म्हणून मी तसं केलं. सडकेवर आल्यावर ती म्हणाली, "ते जोरात न्यायचे का रं?"

"मी असलो की न्यायचे. तू बसली असतीस तर सावकाश नेलं असतं."

घाटाच्या वळणावर मी गाडी थांबवली. ब्रेक लोण्यासारखा लागला. आई उतरली, कठड्यापाशी गेली, दगडावर तळहात ठेवला. खाली गाव होतं, पलीकडं देऊळ. तिनं आमचं घर शोधलं, लिंबावरून ओळखलं.

"हितं आणायचे तुला?"

"दर साली."

"काय म्हनायचे?"

मी सांगितलं. म्हणायचे, तुझ्या आईला हे दाखवायचं राहिलं बघ. आणि सांगायला नको होतं तेही सांगून टाकलं, की मी मनात म्हणायचो, राहू दे. की तू नाही म्हणावंस म्हणून मी देवाची आळवणी करायचो. आणि मग ते तेलाचं. "मी तुला त्या दिवशी..."

"राहू दे," आई म्हणाली. "लेकरू व्हतास." तेलाबद्दल म्हणाली की फेऱ्यांबद्दल, मला आजही सांगता येणार नाही. ती कठड्यावर बसून राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "एवढं जवळ व्हतं," ती एकदाच म्हणाली. "एवढंसं जवळ."

परत येताना मी पुन्हा पांदीकडं वळायला लागलो. खांद्यावरचा हात आवळला.

"येशीतनं घे."

"आई, सणाचा दिवस आहे. पारावर सगळी बसली असतील."

"बसू देत. तुझ्या बाबांना मला गावातनंच न्यायचं व्हतं."

मी वेशीतून घेतली. पार गच्च भरला होता. आवाज ऐकून सगळ्यांच्या माना वळल्या आणि बोलणं बंद पडलं. ज्वारीची चेष्टा करणारा म्हातारा तोंड उघडून बसला होता. मी गाडी पोत्याला नेली तेवढीच सावकाश नेली. आईनं मान खाली घातली नाही.

दारात उतरल्यावर ती म्हणाली, "आता इकलीस तरी चालंल."

विकली नाही. आई त्यानंतर बरीच वर्षं होती, पण पुन्हा कधी बसली नाही. दर खंडेनवमीला बिजागरीला तीन थेंब सोडायची, मी किक मारून विचारायचो आणि ती हसून म्हणायची, "पुढच्या साली बघू." आता ते थेंब मीच सोडतो. किक मारतो आणि सवयीनं ओसरीकडं बघून विचारतो. पुढच्या साली बघू असं म्हणणारंही आता कुणी नाही. मागची सीट रिकामी घेऊन मी कठड्यापर्यंत जातो, आणि येताना वेशीतूनच येतो.